समतोलाचा ताळेबंद : संहतीचे कोष्टक कसे मांडावे?

बंद भांड्यात हायड्रोजन वायू आणि आयोडिनची वाफ एकत्र करून तापविली, की वाफेचा जांभळा रंग हळूहळू फिकट होत जातो. मात्र काही काळानंतर तो फिकट होणे थांबते आणि कितीही वेळ वाट पाहिली तरी रंग पूर्णपणे नाहीसा होत नाही. भांड्यात हायड्रोजन आयोडाइड तयार झालेले असते, पण त्याच्या जोडीला काही हायड्रोजन आणि काही आयोडिन शिल्लक राहिलेले असते. उलट, नुसते हायड्रोजन आयोडाइड त्याच तापमानाला तापविले, तर त्यातून आयोडिनचा जांभळा रंग प्रकट होतो. दोन्ही बाजूंनी सुरुवात केली तरी शेवट एकाच प्रकारच्या मिश्रणात होतो. या अवस्थेला रासायनिक समतोल असे म्हणतात.

समतोल साधल्यावर भांड्यात कोणता पदार्थ नेमका किती उरेल, हा प्रश्न अकरावी-बारावीच्या आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्रात हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर काढण्यासाठी जगभर एकच साधन वापरले जाते. ते म्हणजे तीन ओळींचे एक साधे कोष्टक. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'आइस' कोष्टक म्हणतात. आरंभीची संहती, संहतीतील बदल आणि समतोलाची संहती अशा या तीन ओळी होत. व्यापाऱ्याच्या वहीत आरंभीची शिल्लक, जमाखर्च आणि अखेरची शिल्लक जशी मांडली जाते, तशीच ही मांडणी आहे. पद्धत सोपी असूनही परीक्षेत गुण जातात ते बहुधा येथेच, कारण कोष्टक यांत्रिकपणे भरले जाते आणि त्यामागचा अर्थ नजरेआड होतो.

नियमाची पूर्वपीठिका

एके काळी रासायनिक अभिक्रिया एकाच दिशेने जाते, असा समज होता. नेपोलियनच्या १७९८ च्या इजिप्त मोहिमेत सहभागी झालेले फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ क्लोद लुई बर्थोले यांना तेथील नेट्रॉन सरोवरांच्या काठी सोडियम कार्बोनेटचे थर आढळले. प्रयोगशाळेत सोडियम कार्बोनेट आणि कॅल्शियम क्लोराइड यांच्यापासून मीठ आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. सरोवराकाठी मात्र मीठ आणि चुनखडक विपुल असल्यामुळे नेमकी उलटी अभिक्रिया घडत होती. पदार्थाचे प्रमाण अभिक्रियेची दिशा बदलू शकते, हा विचार बर्थोले यांनी यातून मांडला.

या विचाराला गणिती रूप दिले ते नॉर्वेच्या काटो गुल्डबर्ग आणि पेटर वागे यांनी. नात्याने मेहुणे असलेल्या या दोघांनी १८६४ मध्ये वस्तुमान क्रियेचा नियम मांडला. डच शास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात समतोलाचे विवेचन अधिक काटेकोर झाले. १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांनाच मिळाले. हायड्रोजन आणि आयोडिन यांच्या अभिक्रियेची बारकाईने मोजमापे १८९० च्या दशकात जर्मनीच्या माक्स बोडेनश्टाइन यांनी केली. पाठ्यपुस्तकांत आजही हेच उदाहरण प्रथम दिले जाते.

नियमाचा आशय थोडक्यात असा : ठरावीक तापमानाला समतोलावस्थेतील उत्पादितांच्या संहतींचा गुणाकार भागिले अभिक्रियाकारकांच्या संहतींचा गुणाकार ही संख्या स्थिर असते. समीकरणात एखाद्या पदार्थाच्या आधी जो अंक असतो, तो त्याच्या संहतीचा घातांक होतो. या स्थिर संख्येला समतोल स्थिरांक म्हणतात आणि ती 'के' या अक्षराने दर्शवितात. सुरुवातीचे प्रमाण बदलले तरी के बदलत नाही. तापमान बदलले, तर मात्र बदलतो.

पहिले कोष्टक

हायड्रोजन + आयोडिन ⇌ २ हायड्रोजन आयोडाइड, या अभिक्रियेसाठी सुमारे ४४८ अंश सेल्सिअस तापमानाला के ची किंमत ५० च्या जवळपास आहे. एक लिटरच्या भांड्यात हायड्रोजन आणि आयोडिन प्रत्येकी १.०० मोल घेतले, तर समतोलात काय उरेल?

किती हायड्रोजन खर्ची पडेल हे ठाऊक नसल्यामुळे त्याला 'क्ष' मानावे. समीकरणानुसार हायड्रोजनच्या एका रेणूबरोबर आयोडिनचा एक रेणू खर्च होतो आणि हायड्रोजन आयोडाइडचे दोन रेणू तयार होतात. म्हणून कोष्टक पुढीलप्रमाणे भरले जाते.

आरंभी : हायड्रोजन १.००, आयोडिन १.००, हायड्रोजन आयोडाइड ०
बदल : हायड्रोजन − क्ष, आयोडिन − क्ष, हायड्रोजन आयोडाइड + २क्ष
समतोल : हायड्रोजन १.०० − क्ष, आयोडिन १.०० − क्ष. हायड्रोजन आयोडाइड २क्ष

आता तिसऱ्या ओळीतील राशी नियमात घालाव्यात. (२क्ष) चा वर्ग भागिले (१.०० − क्ष) चा वर्ग बरोबर ५०. दोन्ही बाजूंचे वर्गमूळ घेतल्यास २क्ष भागिले (१.०० − क्ष) बरोबर ७.०७ मिळते. यावरून क्ष = ०.७८. म्हणजे हायड्रोजन आणि आयोडिन प्रत्येकी ०.२२ मोल प्रति लिटर उरतील आणि हायड्रोजन आयोडाइड १.५६ मोल प्रति लिटर तयार होईल. ताळा पाहण्यासाठी १.५६ चा वर्ग ०.२२ च्या वर्गाने भागावा. उत्तर ५०.३ येते. दशांशस्थळे मर्यादित घेतल्यामुळे पडणारा हा किरकोळ फरक आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तिन्ही ओळींपैकी समीकरणातील अंकांचे बंधन फक्त मधल्या ओळीवर असते. आरंभी कोणता पदार्थ किती घ्यावा, हे प्रयोग करणाऱ्याच्या हाती असते. समतोलाला किती उरेल, हे के ठरवितो. परंतु बदल मात्र १ : १ : २ याच प्रमाणात होऊ शकतो, कारण अणू निर्माण होत नाहीत आणि नाहीसेही होत नाहीत. समतोलाच्या ओळीतील संहती १ : १ : २ या प्रमाणात असाव्यात, असे मानणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक होय.

दोन उत्तरांपैकी खरे कोणते?

वरील उदाहरणात दोन्ही वायू समान घेतल्यामुळे वर्गमूळाने काम भागले. हायड्रोजन १.०० मोल आणि आयोडिन केवळ ०.५० मोल घेतले, तर ही सोय राहत नाही. तिसरी ओळ १.०० − क्ष, ०.५० − क्ष आणि २क्ष अशी होते आणि मांडणीतून ४६ क्षवर्ग − ७५क्ष + २५ = ० हे वर्गसमीकरण मिळते. त्याची उत्तरे दोन : क्ष = १.१६३ आणि क्ष = ०.४६७.

गणिताच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे निर्दोष आहेत. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र पहिले अशक्य आहे. भांड्यात आयोडिनच ०.५० मोल असताना १.१६३ मोल खर्च होणार कसे? तसे मानल्यास आयोडिनची संहती ऋण येते. म्हणून दुसरे उत्तर स्वीकारावे लागते. हायड्रोजन ०.५३३, आयोडिन ०.०३२८ आणि हायड्रोजन आयोडाइड ०.९३४ मोल प्रति लिटर. ताळा केल्यास ४९.९ ही संख्या येते.

या उत्तराची पहिल्या उदाहरणाशी तुलना करावी. तेथे ७८ टक्के आयोडिनचे रूपांतर झाले होते, येथे ९३ टक्क्यांहून अधिक झाले. एक अभिक्रियाकारक जास्त प्रमाणात घेतला, की दुसऱ्याचा अधिकाधिक वापर होतो. महागडा पदार्थ वाया जाऊ नये म्हणून स्वस्त पदार्थ मुबलक वापरण्याची कारखान्यांतील रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे.

दिशा आधी ठरवावी

काही वेळा आरंभीच सर्व पदार्थ भांड्यात असतात. समजा, हायड्रोजन आणि आयोडिन प्रत्येकी ०.१० आणि हायड्रोजन आयोडाइड १.०० मोल प्रति लिटर आहे. अशा वेळी अभिक्रिया कोणत्या दिशेने सरकेल, हे आधी पाहावे. त्यासाठी आरंभीच्याच संहती नियमात घालून येणाऱ्या संख्येला अभिक्रिया गुणोत्तर म्हणतात. येथे ते १.०० भागिले ०.०१, म्हणजे १०० आहे. ही संख्या ५० पेक्षा मोठी असल्याने उत्पादित प्रमाणाबाहेर आहे आणि अभिक्रिया उलट दिशेने जाणार, हे उघड होते. म्हणून बदलाच्या ओळीत हायड्रोजन व आयोडिन यांच्यासाठी + क्ष आणि हायड्रोजन आयोडाइडसाठी − २क्ष लिहावे. सोडवणूक केल्यास क्ष = ०.०३२ मिळतो. अखेरीस हायड्रोजन व आयोडिन प्रत्येकी ०.१३२ आणि हायड्रोजन आयोडाइड ०.९३५ राहते.

दिशा चुकली तरी अनर्थ होत नाही. चिन्हे उलटी घेतल्यास क्ष ची किंमत − ०.०३२ येते आणि अंतिम संहती त्याच राहतात. कोष्टक स्वतःच चूक दाखवून देते. मात्र ऋण उत्तर पाहून ते चुकीचे समजून खोडणारे विद्यार्थी कमी नाहीत. संहती ऋण असू शकत नाही. बदल असू शकतो.

मोल आणि संहती यांतील गल्लत

के च्या सूत्रात संहती घालायची असते, नुसते मोल नव्हे. हायड्रोजन आयोडाइडच्या उदाहरणात दोन्ही बाजूंच्या रेणूंची संख्या समान असल्यामुळे भांड्याचे आकारमान आपोआप छेदले जाते आणि ही चूक झाकली जाते. अमोनियाच्या बाबतीत ती उघडी पडते.

नायट्रोजन + ३ हायड्रोजन ⇌ २ अमोनिया. समजा, दोन लिटरच्या भांड्यात नायट्रोजन १.०० मोल आणि हायड्रोजन ३.०० मोल घेतला आणि समतोलात ०.४० मोल अमोनिया आढळला. के किती?

प्रथम सर्व राशी दोनने भागून संहती काढाव्यात.

आरंभी : नायट्रोजन ०.५०, हायड्रोजन १.५०, अमोनिया ०
बदल : नायट्रोजन − क्ष, हायड्रोजन − ३क्ष, अमोनिया + २क्ष
समतोल : नायट्रोजन ०.५० − क्ष; हायड्रोजन १.५० − ३क्ष; अमोनिया २क्ष = ०.२०

शेवटच्या राशीवरून क्ष = ०.१०. म्हणून नायट्रोजन ०.४० आणि हायड्रोजन १.२० उरतो. के बरोबर ०.२० चा वर्ग भागिले (०.४० गुणिले १.२० चा घन), म्हणजे ०.०५८. दोनने भागण्याचे विसरल्यास उत्तर ०.०१४५ येते. ते खऱ्या उत्तराच्या नेमके एक चतुर्थांश असते. हायड्रोजनचा बदल ३क्ष ऐवजी क्ष लिहिणे आणि समतोल संहतीचा घन करण्यास विसरणे, या दोन चुकाही याच उदाहरणात वारंवार घडतात.

या कोष्टकाचा हा दुसरा उपयोग आहे. के ठाऊक असल्यास संहती काढता येतात, तसेच एका पदार्थाची समतोल संहती मोजता आल्यास उरलेल्या सर्व संहती आणि के हाती येतात. प्रयोगशाळेत सर्व पदार्थ मोजण्याची गरज पडत नाही.

एका दशांशावरून रंगलेला वाद

समतोलाच्या संहतीचा आकडा अचूक असणे किती मोलाचे, याचे उदाहरण अमोनियाच्याच इतिहासात सापडते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी सुमारे १००० अंश सेल्सिअस तापमानाला समतोलात किती अमोनिया असतो, हे मोजले. साध्या दाबाला हे प्रमाण एक टक्क्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे अगदीच नगण्य होते. वाल्थर नेर्न्स्ट यांच्या उष्णतेविषयीच्या सिद्धान्तावरून निघणारा आकडा त्याहूनही कमी होता. १९०७ मध्ये हॅम्बर्ग येथील शास्त्रीय सभेत नेर्न्स्ट यांनी हाबर यांच्या मोजमापांवर जाहीर आक्षेप घेतला.

दुखावलेल्या हाबर यांनी रॉबर्ट ल रोसिन्योल या सहकाऱ्यासह ३० वातावरण दाबाला पुन्हा मोजमापे केली. दाब वाढविल्यामुळे अमोनियाचे प्रमाण वाढले आणि ते अधिक नेमकेपणाने मोजता आले. आरंभीचा आकडा जास्त होता, हे स्पष्ट झाले. पण त्याचबरोबर दाब पुरेसा वाढविला आणि कमी तापमानालाही काम करणारा उत्प्रेरक मिळाला, तर अमोनियाचे उत्पादन शक्य आहे, हेही दिसून आले. जुलै १९०९ मध्ये कार्ल्सरूह येथे त्यांनी बीएएसएफ कंपनीच्या प्रतिनिधींसमोर यंत्र चालवून दाखविले. १९१३ मध्ये ओप्पाऊ येथील कारखाना सुरू झाला. हाबर यांना १९१८ चे, तर नेर्न्स्ट यांना १९२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. याच अमोनियापासून खतांबरोबर पहिल्या महायुद्धात जर्मनीची स्फोटकेही तयार झाली, हे या शोधाचे दुसरे अंग होय.

मुंबईतील तुर्भे आणि अलिबागजवळील थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यांत अमोनियाची निर्मिती याच अभिक्रियेने होते. वायुमिश्रण उत्प्रेरकावरून एकदा गेल्यावर त्याच्या थोड्याच भागाचे अमोनियात रूपांतर होते. मिश्रण थंड करून अमोनिया द्रवरूपात बाजूला काढतात आणि उरलेले वायू पुन्हा आत सोडतात. कोष्टकाच्या भाषेत सांगायचे, तर अमोनिया काढून घेतल्यावर पहिली ओळ नव्याने लिहिली जाते आणि अभिक्रियेला पुन्हा पुढे सरकावे लागते.

क्ष कधी दुर्लक्षावा?

व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्ल पाण्यात अल्प प्रमाणातच विचरण पावते. २५ अंश सेल्सिअसला त्याचा विचरण स्थिरांक ०.००००१८ आहे. ०.१० मोल प्रति लिटर संहतीच्या द्रावणासाठी कोष्टक मांडल्यास तिसऱ्या ओळीत आम्ल ०.१० − क्ष, हायड्रोजन आयन क्ष आणि ॲसिटेट आयन क्ष असे येते. स्थिरांक इतका लहान असल्याने ०.१० मधून वजा होणारा क्ष नगण्य मानता येतो. मग क्षवर्ग भागिले ०.१० बरोबर ०.००००१८, यावरून क्ष = ०.००१३४. वर्गसमीकरण काटेकोरपणे सोडविल्यास ०.००१३३ मिळते. फरक नाममात्र आहे. द्रावणाचा सामू सुमारे २.८७ येतो.

परंतु हीच सवलत सर्वत्र घेता येत नाही. द्रावण शंभरपट विरल करून ०.००१० मोल प्रति लिटर केले, तर त्याच पद्धतीने क्ष = ०.०००१३४ येतो. हा आरंभीच्या संहतीच्या १३ टक्क्यांहून अधिक आहे. त्याला नगण्य म्हणणे योग्य नव्हे. वर्गसमीकरणाने खरे उत्तर ०.०००१२५ येते, म्हणजे सोप्या पद्धतीत सुमारे ७ टक्क्यांची चूक होते. यासाठी पाठ्यपुस्तकांत पाच टक्क्यांचा संकेत दिलेला असतो : मिळालेला क्ष आरंभीच्या संहतीच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तरच गृहीतक ग्राह्य धरावे, अन्यथा वर्गसमीकरण सोडवावे. गृहीतक धरण्यापेक्षा ते अखेरीस तपासणे अधिक महत्त्वाचे आहे.

या द्रावणात ०.१० मोल प्रति लिटर इतके सोडियम ॲसिटेटही असल्यास पहिली ओळ बदलते. ॲसिटेटची आरंभीची संहती शून्य नसून ०.१० असते. आता (क्ष गुणिले ०.१०) भागिले ०.१० बरोबर ०.००००१८. म्हणजे क्ष = ०.००००१८ आणि सामू ४.७४. मीठ मिसळल्यामुळे हायड्रोजन आयनांचे प्रमाण सुमारे ७४ पटींनी घटले. हेच बफर द्रावण होय. मानवी रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो, त्यामागे कार्बोनिक आम्ल आणि बायकार्बोनेट यांची अशीच जोडी मोठे काम करते. पहिल्या ओळीत सवयीने शून्य लिहिणाऱ्याला बफरचे गणित कधीच जमत नाही.

कोष्टक भरताना

स्थायू आणि शुद्ध द्रव पदार्थांना या कोष्टकात स्थान नसते. बंद भट्टीत चुनखडक तापवून चुना आणि कार्बन डायऑक्साइड यांचा समतोल साधला, तर नियमात केवळ कार्बन डायऑक्साइडची संहती येते. चुनखडक एक किलो असो वा दहा किलो, दोन्ही स्थायू शिल्लक असेपर्यंत त्या संहतीत फरक पडत नाही. विरल द्रावणातील पाण्यालाही हाच न्याय लागू होतो.

बाकी क्रम ठरलेला आहे. समीकरण संतुलित करावे. सर्व राशी मोल प्रति लिटरमध्ये आणाव्यात. गुणोत्तर काढून दिशा पाहावी. बदलाच्या ओळीत समीकरणातील अंक चिन्हांसह लिहावेत. तिसरी ओळ नियमात घालून क्ष काढावा आणि संहती ऋण करणारे उत्तर टाकून द्यावे. क्ष म्हणजे अंतिम उत्तर नव्हे, हेही विसरू नये. प्रश्नात हायड्रोजन आयोडाइडची संहती विचारली असेल, तर उत्तर २क्ष आहे. सरतेशेवटी मिळालेल्या संहती पुन्हा सूत्रात घालून के परत येतो की नाही, ते पाहावे. या ताळ्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही आणि वर सांगितलेल्या चुकांपैकी बहुतेक त्यातच सापडतात. मोल आणि संहती यांची गल्लत मात्र ताळ्यालाही नेहमी सापडत नाही. ती पहिली ओळ लिहितानाच टाळावी लागते.